वेदनेची जबानी

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याला लागून विमानतळ मागे टाकला, की मिहानचा विस्तार सुरू होतो. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची शेते जेथे होती, तेथे आता विमानांच्या दुरुस्तीचे अवाढव्य कोठार, संगणक कंपन्यांची संकुले आणि रुंद, सरळ रस्ते आहेत. आणि याच परिसरात सुमारे १५० एकरांच्या आवारात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आपले एम्स, उभे राहिले आहे. २०१८ मध्ये विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीचे अध्यापन शहरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे मेडिकलच्या, आश्रयाने सुरू झाले, पुढे संस्था मिहानमधल्या स्वतःच्या इमारतीत आली, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचे रीतसर राष्ट्रार्पण झाले. त्याच समारंभात चंद्रपूर येथील एका केंद्राचेही राष्ट्रार्पण झाले, ज्याची वार्ता त्याच दिवशी झालेल्या एका महामार्गाच्या उद्घाटनाच्या गजरात फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. ते केंद्र हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांवरील संशोधनाचे, उपचारांचे आणि नियंत्रणाचे आहे. विदर्भाच्या आरोग्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन घटना एकाच दिवशी घडाव्यात यात मोठे औचित्य दिसेल; कारण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि सीमेपलीकडील बालाघाट, छिंदवाडा या मुलखांतून जे रुग्ण आयुष्यभर नागपूरच्या वाऱ्या करीत आले आहेत, त्यांत सिकलसेल या अशाच आनुवंशिक विकाराचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र सिकलसेलपुरता मर्यादित नाही. संधिवात, मधुमेहाने दुबळ्या झालेल्या नसा, वर्षानुवर्षे न थांबणारी अर्धशिशी, मासिक पाळीच्या काळातील असह्य वेदना, अशा चिवट दुखण्यांसह जगणाऱ्या असंख्य माणसांची एक समान तक्रार असते, आणि ती रोगाइतकीच जुनी असते: ‘डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत.’ ही तक्रार आपण बहुधा सौजन्याच्या सदरात टाकतो. डॉक्टर तापट आहेत, घाईत आहेत, त्यांना बोलण्याची रीत नाही, असे म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे याहून कठोर आहे. ज्या रोगात वेदना हेच मुख्य लक्षण असते आणि त्या वेदनेची खूण कोणत्याही यंत्रावर उमटत नाही, त्या रोगात रुग्णाचे म्हणणे हाच पुरावा असतो. आणि पुरावा न पाहता दिलेला निकाल जसा सदोष ठरतो, तसेच रुग्णाचे न ऐकता केलेले निदान हे वैद्यकीय दृष्ट्या सदोष ठरते. सिकलसेल हा या सिद्धान्ताचा सर्वांत स्पष्ट आणि आपल्या घरचा दाखला आहे, म्हणून त्याच्याच आधाराने हा विचार मांडतो.

रक्तातील तांबड्या पेशी निरोगी माणसात गोल, लवचीक आणि दोन्ही बाजूंनी किंचित दबलेल्या असतात. त्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतूनही अंग चोरून निघून जातात आणि सुमारे १२० दिवस जगतात. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनच्या घडणीतील एकाच ठिकाणी, एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येऊन बसलेले असते. एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ धागे बनतात, पेशी विळ्याच्या आकाराची आणि कडक होते, अवघ्या दहा-वीस दिवसांत फुटून जाते, आणि फुटण्यापूर्वी वाटेत अडकून रक्ताचा प्रवाह रोखते. जेथे प्रवाह रोखला जातो तेथील हाड, स्नायू वा अवयव प्राणवायूविना तडफडू लागतो; रुग्ण ज्याला ‘क्रायसिस’ म्हणतात तो हाच. लहान मुलात त्याची पहिली वर्दी बहुधा हातापायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या बोटांनी मिळते. पुढे मांड्या, पाठ, छाती, खांदे यांत कळा येतात. त्या काही तास राहतात किंवा काही दिवस, आणि थंडी, ताप, अंगातील पाणी कमी होणे, अतिश्रम यांतले कोणतेही निमित्त त्यांना पुरते.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकण्यास आलेला वॉल्टर नोएल नावाचा तरुण होता. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष प्रथम आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी या नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात केली. म्हणजे हा रोग नागपूरच्या वैद्यकाला किमान साठ-पासष्ट वर्षांपासून दस्तऐवजी रूपात ठाऊक आहे. महाराष्ट्रातील निरनिराळ्या आदिवासी समूहांत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे, आणि गोंड, परधान, माडिया यांच्याप्रमाणेच अनुसूचित जातींत व इतर मागास समाजांतही तो आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल पीडित होण्याची शक्यता चारांत एक असते. आणि वाहक स्वतः सहसा निरोगी असल्यामुळे घरात पहिले मूल आजारी पडेपर्यंत कोणास काही कळत नाही.

आता या रोगाचा रुग्ण कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मध्यरात्री येतो, तेव्हाचे दृश्य जवळून पाहावे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा बाकावर बसून आहे, कारण निजले की पाठ अधिक ठणकते. सोबत आई आहे आणि तिच्या हातात एक जाड प्लास्टिकची थैली; तीत पहिलीपासूनचे केसपेपर, कोपरे झिजलेली डिस्चार्ज कार्डे, पिवळट एक्स-रे आणि हिमोग्लोबिनच्या रिपोर्टांची चळत आहे. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर नाडी पाहतो, ताप पाहतो, रक्तदाब पाहतो. ताप नाही, रक्तदाब जवळजवळ ठीक. नवा रिपोर्ट येतो: हिमोग्लोबिन ८. निरोगी माणसात हा आकडा भयंकर ठरला असता, परंतु या मुलाचा तो रोजचाच आकडा आहे, आणि म्हणून त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. एक्स-रेत हाड शाबूत दिसते. मुलगा म्हणतो, ‘साहेब, मांडीचं हाड आतून फोडून राह्यल्यासारखं दुखते; मागच्या वेळी सुईनंच थांबलं होतं.’ आणि त्या सुईतल्या औषधाचे नावही सांगतो. हे नाव सांगणेच त्याला भोवते. ज्याने आपले दुखणे वर्षानुवर्षे भोगले आहे, ज्याला कोणत्या औषधाने उतार पडतो आणि कोणत्याने पडत नाही हे अनुभवाने कळले आहे, त्याचे हे ज्ञान एखाद्या निष्णात साक्षीदाराचे ज्ञान म्हणून रुजू होण्याऐवजी संशयाचे कारण ठरते. सुईची चटक लागली असावी, असा विचार ऐकणाऱ्याच्या मनात डोकावतो, एक साधी गोळी लिहिली जाते आणि ‘सकाळी ओपीडीत दाखवा’ असे सांगून कागद परत दिला जातो.

या प्रसंगातील डॉक्टर दुष्ट नाही. किंबहुना तो दुष्ट असता तर प्रश्न सोपा झाला असता. तो आपल्या शिक्षणाला जागतो आहे. त्या शिक्षणाने त्याला असे सांगितले आहे की रोगी जे सांगतो ते लक्षण आणि आपण जे तपासतो ते चिन्ह, आणि दोहोंत विरोध आला तर चिन्हावर अधिक विसंबावे. तीव्र रोगात ही शिकवण बहुतांशी उपयोगी पडते. सिकलसेलच्या वेदनेचे मात्र कोणतेही निश्चित चिन्ह नाही. क्रायसिस आहे की नाही हे निर्विवादपणे सांगणारी एकही रक्तचाचणी आजवर निघालेली नाही. शिवाय दीर्घकाळ दुखणे सोसलेला माणूस कण्हणे विसरतो. तो शांतपणे, कधी मोबाइलकडे पाहत, कधी आईशी दोन शब्द बोलत कळा सोसतो, आणि ज्याने अशी सोशीकता पाहिलेली नाही त्याला ती वेदनेच्या अभावासारखी भासते. जो आरडाओरड करतो तो नाटकी ठरतो आणि जो निमूटपणे सोसतो तो निरोगी ठरतो. मग या बिचाऱ्याने आपले दुखणे पटवावे तरी कसे?

त्यात एका शास्त्रीय ग्रहाची भर पडली. भारतात सिकलसेलचा जो प्रकार आढळतो, त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असते आणि ते हिमोग्लोबिन पेशींना विळ्याचा आकार घेण्यापासून काही अंशी रोखते. ओडिशातील अभ्यासांवरून हा रोग भारतात आफ्रिकेपेक्षा सौम्य असतो, असे अनुमान निघाले आणि ते पाठ्यपुस्तकी सत्यासारखे रूढ झाले. परंतु नागपूरच्या मेडिकलमधील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातील मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा वारंवार येणाऱ्या कळा, रक्त चढवण्याचे प्रसंग आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ यांवरून मध्य भारतातला हा रोग पुष्कळ वेळा तीव्र असतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच परंपरेत हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची कमी आणि ठरावीक मात्रा तीव्र स्वरूपाच्या मुलांना देऊन, तिने कळांचे प्रसंग पुष्कळ घटतात, हेही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. विदर्भातल्या आया जे आधीपासून सांगत होत्या, ते आकड्यांच्या रूपात आल्यावरच शास्त्राच्या दफ्तरात दाखल झाले. शास्त्राने पुरावा मागावा हे योग्यच. पण पुरावा गोळा होईपर्यंतच्या काळात सांगणाऱ्याला खोटे मानावे, हे शास्त्र नव्हे.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कोणाचे म्हणणे सहज पटते आणि कोणाचे पटत नाही, हे नेहमीच त्या म्हणण्याच्या खरेपणावर अवलंबून नसते. इंग्रजी बोलणारा, नीटनेटका, आपल्या हुद्द्याचा उल्लेख करणारा माणूस जेव्हा ‘दुखते’ म्हणतो, तेव्हा त्याची तपासणी सुरू होते. गोंडी किंवा माडिया ही ज्याची मातृभाषा आहे, मराठीही ज्याला परकी आहे, जो खुर्चीच्या काठावर बसतो आणि प्रश्नाला मान हलवून उत्तर देतो, त्याला मात्र ‘नीट सांग’ असे फर्मावले जाते. सिकलसेल ज्या समाजांत अधिक आहे, त्यांच्या वाट्याला जात, जमात, दारिद्र्य आणि भाषा यांचे अंतर आधीच आलेले आहे. त्यावर या रोगाच्या अदृश्य वेदनेची भर पडली, की त्यांच्या शब्दाचे वजन अगदी नाहीसे होते. स्त्रियांच्या बाबतीत तर ‘मनाचे खेळ’ हा शेरा कोणत्याही जातीत, कोणत्याही वर्गात सहज उमटतो.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये उत्तर लंडनच्या एका रुग्णालयात इव्हान नेथन स्मिथ हा २१ वर्षांचा सिकलसेलचा रुग्ण भरती होता. आपल्याला प्राणवायूची गरज आहे असे तो सांगत राहिला, ते मानले गेले नाही, तेव्हा त्याने रुग्णालयाच्या खाटेवरूनच आपत्कालीन सेवेला दूरध्वनी केला. पुढे दोनच दिवसांत तो गेला. मृत्यूची न्यायिक चौकशी झाली. त्याचा क्रायसिस वेळीच ओळखून रक्तबदल केला असता तर तो वाचला असता, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या सर्वपक्षीय गटाने सिकलसेलच्या उपचारांतील उणिवांवर अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्याला शीर्षक दिले ते ‘कोणीच ऐकत नाही’ या अर्थाचे. विशेष असे, की त्याच देशात २०१२ पासून एक लिखित मार्गदर्शिका अस्तित्वात होती, जी सांगते की क्रायसिस घेऊन आलेल्या रुग्णाला ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळाले पाहिजे आणि रुग्णाला वा त्याची शुश्रूषा करणाऱ्याला त्या आजाराचा जाणकार मानून त्याचे मत ऐकले पाहिजे. नियम होता, ऐकण्याची तजवीज नव्हती.

ऐकण्याने काय साधते, याचा सर्वांत हृद्य दाखला जमेकातला आहे. सिकलसेलच्या लहान मुलांत कधी कधी अंगातले रक्त एकाएकी प्लीहेत साचते. पोट डाव्या बाजूने फुगते, मूल पांढरे पडते आणि काही तासांत दगावू शकते. किंग्स्टनमधील ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांना आपल्या बाळाची प्लीहा हाताने चाचपायला शिकवले: बाळाला निजवायचे, डाव्या बरगडीखाली बोटांची टोके अलगद टेकवायची, बाळ श्वास घेते तेव्हा बोटांना काही लागते का पाहायचे, आणि रोजच्यापेक्षा मोठे लागले तर तडक दवाखाना गाठायचा. दवाखान्यात त्या आईचा शब्द प्रमाण मानला जाई. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, या शिक्षणानंतर अशा प्रसंगांची नोंद दुपटीहून वाढली, कारण पूर्वी जे प्रसंग कळतच नसत ते आता आया हेरू लागल्या. आणि दर शंभर प्रसंगांमागे होणारे मृत्यू सुमारे २९ वरून ३ वर आले. यासाठी नवे औषध लागले नाही की नवे यंत्र लागले नाही. शास्त्राने आईच्या बोटांवर विश्वास ठेवला आणि मुले वाचली.

आपल्या बाजूने डॉक्टरांचे एक उत्तर ठरलेले असते, आणि ते खोटे नाही: वेळ कोठे आहे? निरनिराळ्या देशांत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याची तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटे, असा हिशेब निघाला. दोन मिनिटांत नाव विचारायचे, कागद वाचायचा, तपासायचे आणि औषध लिहायचे, तर ऐकायचे केव्हा? तथापि वेळेविषयीचे दोन जुने अभ्यास येथे ध्यानात घेण्याजोगे आहेत. अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये दाखवले, की रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. उलट स्वित्झर्लंडमधील एका रुग्णालयात डॉक्टरांना असे सांगण्यात आले, की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलू नये. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत रुग्णांना आपले म्हणणे पुरे करण्यास सरासरी ९२ सेकंद लागले, आणि दहांपैकी जवळजवळ आठ रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. आणि जे ऐकले जाते त्याचे मोल किती? १९७५ मध्ये इंग्लंडमधील एका अभ्यासात ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांचे अंतिम निदान केवळ त्यांच्या हकिकतीवरून आधीच बरोबर बांधले गेले होते. अंगतपासणी आणि प्रयोगशाळा यांनी उरलेल्या थोड्यांचाच निकाल लावला. आपल्या आयुर्वेदानेही रोगपरीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग सांगितले आहेत, आणि त्यांतला प्रश्न हा उत्तर ऐकण्यासाठीच विचारायचा असतो, हे निराळे सांगायला नको.

ऐकण्याची ही विद्या विदर्भाला परकी मुळीच नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. पुढे १९८९ च्या आरंभी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना एक वा अनेक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर सरकारी दफ्तरात खेड्यातील स्त्री म्हणजे केवळ गर्भवती किंवा नसबंदीची उमेदवार होती. तिला स्वतःचे म्हणून काही दुखणे असेल, याची विचारणाच झालेली नव्हती. विचारणा झाली आणि साऱ्या जगाच्या आरोग्यधोरणाला आपला दृष्टिकोन बदलावा लागला. पुढे ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरात रुग्णालय बांधताना, तुम्ही दवाखान्यात का येत नाही, असे आदिवासींनाच विचारण्यात आले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे मृताच्या वस्त्रांची आठवण देतात, बोललेले कळत नाही, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, तेथे आमचा देव नाही, अशी उत्तरे आली. त्यांवरून रुग्णालयाची रचनाच आदिवासी खेड्यासारखी झाली, नातेवाइकांना राहण्याची सोय झाली, आणि माँ दंतेश्वरीचे नाव त्याला मिळाले. दीडशे-दोनशे किलोमीटरवर घडलेला हा इतिहास मिहानच्या काचेच्या दरवाजांना ठाऊक असावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

मग करायचे काय? सद्‌भावनेचा उपदेश करून भागणार नाही. ऐकणे हे व्यवस्थेत बसवावे लागेल. पहिली गोष्ट सातत्याची. दीर्घकालीन रुग्णाला प्रत्येक वेळी नवा डॉक्टर भेटतो आणि त्याला आपली कहाणी प्रत्येक वेळी श्रीगणेशापासून सांगावी लागते. म्हणून अशा रुग्णासाठी ठरावीक वारी ठरावीक चमू असावा. दुसरी गोष्ट एका कागदाची. प्रत्येक सिकलसेल रुग्णाजवळ त्याच्या डॉक्टरने सही-शिक्क्यानिशी दिलेले एक पान असावे: त्याचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती, क्रायसिस आल्यास कोणते वेदनाशामक किती मात्रेत चालते, कशाची ॲलर्जी आहे, मागे छातीचा वा मेंदूचा गंभीर प्रसंग झाला होता का. त्या पानाच्या जोरावर रात्री दोन वाजताचा अनोळखी डॉक्टरही निःशंकपणे उपचार सुरू करील, आणि औषधाचे नाव सांगणारा मुलगा व्यसनी ठरणार नाही. तीव्र वेदनाशामकांवरील कायदेशीर निर्बंध कडक असले, तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये जी दुरुस्ती झाली, ती वैद्यकीय गरजेसाठी ही औषधे सुलभ व्हावीत म्हणूनच झाली, हेही डॉक्टरांनी स्मरणात ठेवावे. तिसरी गोष्ट भाषेची. आशाताई, समुपदेशक आणि सिकलसेल कार्यक्रमाचे कर्मचारी गावातल्या बोलीत बोलतात. मोठ्या रुग्णालयातही गोंडी जाणणारा एक माणूस खिडकीजवळ बसवणे, ही यंत्रखरेदीच्या मानाने क्षुल्लक खर्चाची बाब आहे. चौथी गोष्ट शिक्षणाची. २०१९ पासून देशातील वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. ते परीक्षेपुरते न उरता, सिकलसेलच्या एखाद्या रुग्णाला आणि त्याच्या आईला वर्गात शिक्षक म्हणून बोलावण्यापर्यंत पोहोचले, तर त्या विद्यार्थ्यांच्या हातून उद्या कॅज्युअल्टीत होणाऱ्या चुका टळतील.

रुग्णानेही आपला हक्क जाणून घ्यावा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत. आपल्या आजाराची माहिती मिळणे, कागदपत्रांच्या प्रती मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे यांचा त्यांत समावेश आहे, आणि महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना लागू असलेल्या नियमांतही २०२१ मध्ये रुग्णहक्कांना जागा मिळाली. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मोडतो. दवाखान्यात जाण्यापूर्वी आपल्याला सांगायच्या तीन मुख्य गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात, दुखणे केव्हा सुरू झाले, किती काळ राहिले, कशाने वाढले व कशाने उतरले याची रोजनिशी ठेवावी, आणि डॉक्टर उठू लागले तर ‘माझी एक गोष्ट सांगायची राहिली आहे’ असे शांतपणे म्हणावे. एकट्याचा आवाज पुरत नाही तेथे संघटना उपयोगी पडते. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांना एकत्र आणण्यात दोन तपांहून अधिक काळ वेचला. २०१८ मध्ये त्यांच्या नावे जाहीर झालेली पद्मश्री ही त्या समूहाच्या चिकाटीचीच नोंद होती. तरीही हे ओझे मुख्यतः रुग्णाच्या खांद्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. जो कळांनी वाकला आहे त्याने आधी युक्तिवाद शिकावा आणि मग उपचार मागावा, ही अट कोणत्याही रुग्णालयाने घालू नये.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये, असा त्याचा संकल्प आहे. संकल्प मोठा आहे आणि तो सिद्धीस जावा असे मनापासून वाटते. परंतु २०४७ पर्यंत जी मुले, जे तरुण आणि ज्या गर्भवती स्त्रिया या रोगासह जगणार आहेत, त्यांच्यासाठी निर्मूलनापेक्षा आजच्या रात्रीची कळ अधिक खरी आहे. तपासणीच्या शिबिरात बोट टोचून घेतलेला माणूस पुढे रुग्ण म्हणून जेव्हा येतो, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास बसला नाही, तर तो पुन्हा येत नाही. घरीच कुढतो, भगताकडे जातो, किंवा इतका उशिरा येतो की इलाज उरत नाही. आणि मग अभियानाच्या कागदावरचे आकडे कितीही वाढले, तरी मृत्यू घटत नाहीत. म्हणून मिहानमधल्या संस्थेचे मोजमाप तिच्या यंत्रांवरून किंवा शस्त्रक्रियागृहांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरेल. एटापल्लीहून किंवा धानोऱ्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलाने ‘दुखते’ म्हटल्यावर किती मिनिटांत त्याच्या वेदनेवर उपचार सुरू झाले, हे तेथील नोंदवहीत दररोज लिहिले जावे, आणि तो आकडा संस्थेच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर छापला जावा. जी गोष्ट सरकारदरबारी मोजली जाते तिची काळजी घेतली जाते, हा आपल्या कारभाराचा अनुभव आहे. ऐकणेही एकदा त्या हिशेबात आले, की ते एखाद्या भल्या डॉक्टरच्या स्वभावावर अवलंबून राहणार नाही, आणि जे अवलंबून राहत नाही तेच गरिबाच्या पदरात पडते.